हस्तलिखित देण्याआधी लहान प्रकाशक कसा पारखावा: कोल्हापूर परिसरातल्या नव्या लेखकांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात लिहिणाऱ्यांची वानवा नाही. निवृत्त शिक्षक आत्मचरित्र लिहितात, बँकेतले लोक कविता करतात, तालमीतली माणसं जुन्या कुस्त्यांच्या आठवणी लिहून ठेवतात. पुस्तक काढायची वेळ आली की सगळे तेच प्रश्न विचारतात, तेही बहुतेक वेळा सही करून मोकळं झाल्यावर. मी मुद्रितशोधनाचं काम करतो. लेखकाची बाजू कानावर येते आणि प्रकाशकाचीही. म्हणून सहीच्या आधी वाचायला ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत.

लहान प्रकाशकाकडे जावंच का? पुण्या-मुंबईच्या मोठ्यांकडेच का पाठवू नये?

पाठवा की. पण मोठ्या घरांकडे येणाऱ्या हस्तलिखितांचा ढीग मोठा असतो आणि नव्या नावाला तिथं थांबावं लागतं. लहान प्रकाशकाकडं बहुतेकदा एकच माणूस हस्तलिखित वाचतो, मुखपृष्ठ ठरवतो, पार्सल बांधतो आणि फोनही उचलतो. चांगला मिळाला तर तुमच्या पुस्तकाला जेवढं लक्ष मिळेल तेवढं मोठ्या ठिकाणी मिळणार नाही. उलट निघाला तर तक्रार ऐकायलाही तोच माणूस. म्हणून पारख जास्त लागते.

प्रकाशक पैसे मागतोय. म्हणजे फसवतोय का?

पैसे मागितले एवढ्यावरून नाही. मराठीत कवितासंग्रह, गावाचे इतिहास, आठवणींची पुस्तकं मोठ्या प्रमाणावर लेखकाच्याच पैशानं निघतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. काळजी करायची ती व्यवहार झाकला असेल तर.

व्यवहार मुळात दोन प्रकारचे. एकात प्रकाशक स्वतःचा पैसा घालतो, पुस्तक विकून तो वसूल करतो आणि तुम्हाला रॉयल्टी देतो. दुसऱ्यात पैसा तुम्ही घालता. प्रकाशक अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, छपाई ही कामं करून देतो आणि त्याचा मोबदला घेतो. दुसऱ्या प्रकारात छापलेल्या सगळ्या प्रती तुमच्या असायला हव्यात, किंवा विक्रीचा मोठा हिस्सा तुमच्याकडे यायला हवा. पैसा तुमचा, प्रती त्याच्या आणि रॉयल्टी दहा टक्के, असा प्रस्ताव समोर आला तर चहा संपवून उठा.

मधला एक प्रकार आहे आणि सगळ्यात जास्त लोक तिथंच गुंततात. ‘आम्ही लेखकाकडून एक रुपयाही घेत नाही’ असं ठणकावून सांगितलं जातं, आणि करारात खाली एक ओळ असते: लेखकानं 200 प्रती तीस टक्के सवलतीनं विकत घ्याव्यात. पुस्तकाची किंमत 250 रुपये धरली तर हे 35,000 रुपये होतात. आवृत्ती 300 प्रतींची असेल, तर छपाईचा खर्च कोणी केला हे वेगळं सांगायला नको. नातेवाईक, सहकारी, शाळा यांना प्रती द्यायच्याच असतील तर तुम्हाला हा सौदा परवडेलही. फक्त हिशेब तुम्ही करा, त्याला करू देऊ नका.

सांगितलेला खर्च वाजवी आहे की नाही, कसं ओळखू?

खर्च तोडून मागा. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी प्रत्येकाचा आकडा वेगळा. ‘पॅकेज’ म्हणणाऱ्याला विचारायचं, पॅकेजमध्ये काय काय आहे?

मग त्याच मापाचं दरपत्रक दोन छापखान्यांकडून स्वतः घ्या. कोल्हापुरात नाही जमलं तर सांगली, इचलकरंजीला. छापखान्यात नेमकी भाषा बोलावी लागते: डेमी आकार (पुस्तकाचं एक नेहमीचं माप), 160 पानं, आत 70 जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) नॅचरल शेड, मुखपृष्ठ 300 जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, 300 प्रती. एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे 160 पानांचे बरोबर दहा फॉर्म. पुस्तक 163 पानांचं झालं तर शेवटच्या फॉर्मात कोरी पानं राहतात किंवा अर्धा फॉर्म वाढतो, आणि हे तुम्हाला आधी सांगणारा प्रकाशक आपलं काम जाणतो असं समजा. छापखान्याच्या दरापेक्षा प्रकाशकाचा आकडा जास्त असणारच, त्याचीही मेहनत आहे. दुप्पट असेल तर मात्र वरचा पैसा कशाचा ते विचारा.

जीएसटीचा मुद्दा येतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. करून दिलेल्या सेवेवर तो लागू शकतो. कर नेमका कशावर लावलाय ते बिलावर लिहिलेलं हवं. बिलच देत नसेल तर कराचं नावही काढू नये त्यानं.

त्याचं काम कसं आहे, हे कुठं बघायचं?

त्याच्या कपाटातल्या निवडक प्रती बघू नका. करवीर नगर वाचन मंदिरात जा. 1850 पासूनचं ग्रंथालय आहे, जुन्या-नव्या मराठी पुस्तकांचा साठा तिथं दांडगा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात ओळख असेल तर तिथंही. त्या प्रकाशनाची तीन-चार वर्षांपूर्वीची पुस्तकं मागून घ्या. एकही सापडलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

सापडलं की आधी श्रेयपान उघडा. प्रकाशकाचा पूर्ण पत्ता, मुद्रक कोण, आवृत्तीची तारीख, मुखपृष्ठ कोणाचं, हक्क कोणाकडे हे सगळं तिथं असतं. ‘© प्रकाशक’ दिसलं तर थांबा, खाली कराराच्या प्रश्नात मी त्याबद्दल लिहिलंय. मुद्रक आणि प्रकाशक एकच असेल तर वाईट नाही, पण तो मुळात छापखानावाला आहे हे लक्षात ठेवा; मशिन चालू ठेवण्यासाठी त्याला पुस्तकं हवी असतात.

मग मधलंच एखादं पान काढून सलग दोन पानं वाचा. ‘दुसऱ्या’ एका ओळीत धड आणि पुढच्या ओळीत ‘दुसर्या’, रफार भलत्याच अक्षरावर, ‘पूर्ण’ एकदा दीर्घ एकदा ऱ्हस्व असं दिसलं, तर जुन्या फॉन्टमधली फाइल युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून कुणीही न वाचता छापायला गेली आहे. माझ्या टेबलावर असल्या फाइली येतात, आणि ‘फक्त वरवर नजर टाका, उद्या छापायचंय’ असा निरोपही सोबत येतो.

शेवटी पुस्तक मधोमध उघडून टेबलावर सपाट दाबा. नुसत्या डिंकाची हलकी बांधणी असेल तर पाठ कट्कन वाजते आणि दोन पानं हातात येतात. आपल्याकडच्या जुलैत हवा इतकी ओली असते की असली बांधणी फार टिकत नाही.

त्याच्या जुन्या लेखकांना काय विचारायचं?

‘अनुभव कसा आहे?’ असं विचारू नका. ‘चांगला आहे की’ हेच उत्तर येणार. कोल्हापुरात सगळे सगळ्यांना ओळखतात आणि कुणाला कुणाशी वाकडं घ्यायचं नसतं. नेमकं विचारा. किती प्रती छापल्या हे तुम्हाला कागदावर सांगितलं का? हिशेबाचं पत्र मागच्या वर्षी आलं का? मागितल्यावर आलं की आपोआप? आज पंचवीस प्रती हव्या असतील तर मिळतील का? दुसरं पुस्तक त्याच्याकडेच दिलं का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका. ज्यांनी दुसरं पुस्तक दुसरीकडं दिलं, त्यांना आधी फोन करा. आणि प्रकाशकानं दिलेल्या नंबरांवर थांबू नका, ग्रंथालयात सापडलेल्या पुस्तकांवरची नावं घ्या.

आयएसबीएन देतो म्हणतोय. म्हणजे प्रकाशक नोंदणीकृत आहे ना?

आयएसबीएन हा पुस्तक ओळखायचा तेरा आकडी क्रमांक आहे, बस्स. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेमार्फत केंद्र सरकार देतं, आणि त्याला शुल्क नाही. आपल्याकडच्या क्रमांकांची सुरुवात 978-81 किंवा 978-93 अशी असते. लेखक स्वतःच्या नावानंही अर्ज करू शकतो. त्यावरून पुस्तकाचा दर्जा ठरत नाही, कॉपीराइट मिळत नाही आणि सरकारी मान्यताही मिळत नाही.

म्हणून खर्चाच्या यादीत ‘आयएसबीएन शुल्क’ म्हणून काही हजार दिसले तर ते कुणाला भरले, विचारा. अर्ज भरायची मेहनत म्हणून थोडे घेतले तर एक वेळ चालेल. प्राध्यापक मंडळींना बढतीच्या गुणांसाठी आयएसबीएनचं पुस्तक लागतं, आणि त्या गरजेवरच चालणारी काही प्रकाशनं आहेत. त्यांच्याकडं वाचक नावाची गोष्ट हिशेबातच नसते. तुम्हाला वाचक हवा असेल तर तिथं जाऊ नका.

करारात काय बघायचं? मी वकील नाही.

वकील नसलात तरी कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 19 एकदा वाचाच. लहान आहे आणि लेखकाच्या बाजूचं आहे.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. फोनवर ‘हो’ म्हटल्यानं हक्क जात नाहीत. कोणत्या पुस्तकाचे, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यावर हे करारात हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क घेऊन एक वर्षात ते वापरलेच नाहीत, तर ते हक्क रद्द झाले असं मानलं जातं. करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच, म्हणून ‘वेगळं’ काही लिहिलंय का ते शोधा. हस्तलिखित घेऊन तीन-तीन वर्षं ‘पुढच्या दिवाळीला काढू’ म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी हे कलम पाठ असावं.

‘सदर पुस्तकाचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील’ अशी ओळ असेल तर ती खोडून घ्या. त्या जागी लिहा: मराठी छापील आवृत्तीचे हक्क, इतक्या वर्षांसाठी, इतक्या प्रतींच्या आवृत्तीसाठी. ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, नाटक-चित्रपट हे हक्क वेगळे आहेत. जो प्रकाशक ऑडिओबुक काढतच नाही, त्याला ऑडिओचे हक्क कशाला? मागाहून कुणी विचारलंच तर तुम्ही त्याच्या परवानगीसाठी फेऱ्या मारत बसाल. भारतात कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं असतो. ‘कायमस्वरूपी’ म्हणजे तुमच्या नातवंडांचाही हक्क तुम्ही देताय.

दोन ओळी मी नेहमी घालायला सांगतो. पुस्तक संपल्यावर लेखकानं लेखी मागणी करूनही ठरावीक महिन्यांत पुनर्मुद्रण झालं नाही, तर हक्क लेखकाकडे परत. आणि प्रकाशन बंद पडलं तर उरलेल्या प्रती छपाईच्या किमतीला आधी लेखकाला देऊ केल्या जातील. लहान प्रकाशन एका माणसाच्या तब्येतीवर चालतं, ही वाईट पण खरी गोष्ट आहे.

रॉयल्टी किती मागावी?

नव्या लेखकाला छापील किमतीच्या साडेसात ते दहा टक्के असा प्रस्ताव साधारण येतो. पण टक्क्यापेक्षा तो कशावर मोजायचा हे महत्त्वाचं. 250 रुपयांच्या पुस्तकावर छापील किमतीच्या दहा टक्क्यांनी 25 रुपये होतात. ‘निव्वळ प्राप्तीवर’, म्हणजे सवलत वजा जाऊन प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर असेल आणि विक्रेत्याला 45 टक्के सवलत दिली असेल, तर 13 रुपये 75 पैसे. तीनशे प्रतींना 7,500 कुठं आणि 4,125 कुठं. टक्का तोच, दहा.

हिशेब वर्षातून कधी देणार ती तारीख करारात घाला, आणि त्यात छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या, शिल्लक अशा प्रतींचे चारही आकडे मागा. पहिल्या पुस्तकावर कुणी श्रीमंत होत नाही, ते ठीक. तरी हिशेबाचा कागद आला की आपल्या पुस्तकाचं काय चाललंय ते कळतं.

‘महाराष्ट्रभर वितरण आहे’ असं सांगतो. खरं कसं मानायचं?

पुणे आणि नाशिकच्या दोन दुकानांना फोन करा आणि त्या प्रकाशनाचं एखादं जुनं पुस्तक मागा. नाव ऐकल्यावर दुकानदार ‘आहे’, ‘मागवून देतो’ किंवा ‘कोण?’ यापैकी एक म्हणेल.

कोल्हापुरात अनेकदा वितरण म्हणजे प्रकाशन समारंभ एवढंच असतं. शाहू स्मारकला कार्यक्रम, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, शंभरभर प्रती तिथंच नातेवाइकांनी घेतलेल्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. उरलेल्या प्रतींचे गठ्ठे लेखकाच्या माळ्यावर. समारंभ करा, हौसेनं करा. पण त्याचा खर्च कोण करणार आणि समारंभानंतरच्या महिन्यात पुस्तक कुठं मिळणार हे दोन्ही आधी ठरवा. ऑनलाइन विक्री करतो म्हणाला तर स्वतः त्याचं एक पुस्तक मागवून बघा. किती दिवसांत आलं, कोपरे मोडून आलं का, तेवढं पुरे.

मी संवाद कोल्हापुरी बोलीत लिहिलेत. संपादक ते ‘शुद्ध’ करेल का?

करणारे आहेत. म्हणून करारापूर्वी दहा पानं नमुन्याला संपादित करून मागा. ‘काय करालाईस?’ चं ‘काय करतो आहेस?’ करून आलं, तर तो माणूस तुमच्या पुस्तकासाठी नाही. पण ‘इथं निवेदन प्रमाण भाषेत आहे, मग मधेच आलेला हा ‘लई’ निवेदकाचा की पात्राचा?’ असा प्रश्न समासात आला, तर त्याला सोडू नका. असा प्रश्न विचारायला वाचावं लागतं. दहा पानं एकही खूण न करता ‘उत्तम, असंच छापू’ म्हणून परत आली तर मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

अंतिम फाइल मला मिळते का?

आधी ठरवलं तर मिळते, मागाहून मागितलं तर भांडण होतं. अक्षरजुळणीचे पैसे तुम्ही दिले असतील तर युनिकोडमधली अंतिम फाइल आणि छपाईची पीडीएफ दोन्ही मागा. फक्त जुन्या फॉन्टमधली फाइल मिळाली तर पुढची आवृत्ती दुसरीकडं काढताना पुन्हा शुद्धीकरणाचा खर्च येतो.

त्याचं गोदाम कुठं आहे, हे विचारणं आगाऊपणाचं नाही का?

दुसऱ्या गावात असेल, इथं नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नरच्या भागात शिरलं होतं. तळमजल्यावर रचलेले पुस्तकांचे गठ्ठे भिजले की रद्दीवाल्यालाही नको असतात. साठा कोणत्या मजल्यावर आहे आणि विमा आहे का, विचारा. पैसा तुमचा असेल तर निम्म्या प्रती स्वतःच्या घरी ठेवा.

ग्रंथालय खरेदी, अनुदान, पुरस्कार मिळवून देण्याचं आश्वासन देतो.

मिळवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब. पाठवतो म्हणणारा चालेल. पुस्तक शासनाच्या यादीत यावं म्हणून अर्ज करणं, पुरस्कारासाठी मुदतीत प्रती पाठवणं हे प्रकाशकाचं काम आहे, निर्णय त्याच्या हातात नसतो. आपल्या भागात दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभा, इचलकरंजीचं आपटे वाचन मंदिर अशा संस्था पुरस्कार देतात. त्यांच्याकडे त्याची पुस्तकं नियमित जातात का, एवढं बघा. तुमचं हे पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथं हस्तलिखित तुम्ही स्वतः पाठवू शकता, मध्यस्थ लागत नाही.

आणखी एक सोपी चाचणी. 1954 च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीतल्या नेमलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. पाठवता का, एवढंच विचारा. ‘असं काही असतं होय?’ हे उत्तर मी एकापेक्षा जास्त वेळा ऐकलंय.

हस्तलिखित चोरीला गेलं तर?

नव्या लेखकाचं आख्खं हस्तलिखित चोरून छापण्यात कुणाचा फायदा नसतो, त्यामुळे या भीतीनं झोप उडवून घेऊ नका. कॉपीराइट लिहिताक्षणीच तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर साहित्यकृतीला 500 रुपये शुल्क आहे. पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवा, प्रकाशकाला पाठवतानाही मेलनंच पाठवा, तारीख राहते. मूळ वही मात्र कुणाच्या हातात देऊ नका. चोरीपेक्षा हरवण्याची शक्यता कितीतरी जास्त.

प्रकाशक आमचे सरच आहेत. त्यांच्याकडे कागद कसा मागणार?

हा खास आपल्याकडचा प्रश्न. ‘सर, घरच्यांना दाखवायला एक कागद द्या, म्हणजे ते पैशाला हो म्हणतील’ असं सांगा. घरच्यांवर ढकललेलं कुणी मनाला लावून घेत नाही. ओळखीत करार झाला तर ओळख टिकते, असा माझा अनुभव आहे. दोन लेखकांची आपल्याच गुरुजींशी बोलचाल बंद झालेली मी पाहिली, दोन्हीकडं कागद नव्हता.

किती दिवस वाट बघायची? एकाच वेळी दोघांना पाठवलं तर चालतं का?

देतानाच विचारा, किती दिवसांत कळवाल. साधारण तीन महिने थांबावं, मग एक साधा मेल. उत्तर आलं नाही तर आणखी पंधरा दिवसांनी ‘मी हे हस्तलिखित आता अन्यत्र पाठवत आहे’ असं कळवून टाका. दोघांना पाठवणं चुकीचं नाही, दोघांनाही तसं सांगितलेलं असलं म्हणजे झालं. एकानं होकार दिला की दुसऱ्याला त्याच दिवशी कळवा. त्यानं तोवर साठ पानं वाचून खुणा केलेल्या असू शकतात.